यॉटने लंगकावीत उतरताना: तेलागा हार्बरच्या इमिग्रेशन, कस्टम्सचा आमचा अनुभव, एजंटशिवाय

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. मलेशियात लंगकावी बेटावर तेलागा हार्बर म्हणून मरीना, म्हणजे यॉट लावायचं छोटं बंदर, आहे, तिथे प्रायव्हेट यॉटने येणाऱ्यांचं इमिग्रेशन, कस्टम्स आणि बंदर खात्याचं काम होतं, आणि ते स्वतः करता येतं, एजंट लागत नाही, आणि माणसं नीट वागतात. भारतीय पासपोर्टवर, कुठलीही मोठी कंपनी पाठीशी नसताना, पाच घरगुती माणसं एका छोट्या शिडाच्या बोटीतून उतरतात आणि त्यांच्याकडे कोणी संशयाने बघत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पाच पैकी पाच. मराठीत यावर काहीच वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही म्हणजे काका, काकू, मी, माझा नवरा आणि काकांचा एक जुना दोस्त. काका आयुष्यभर मर्चंट नेव्हीत, मूळ अलिबागकडचे, रिटायर झाल्यावर त्यांनी थायलंडमधल्या फुकेतला एक सेकंडहँड चाळीस फुटी शिडाची बोट घेतली आणि हिवाळ्यात ते तिच्यावरच असतात. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल वारा ईशान्येकडून येतो, समुद्र शांत असतो, त्यामुळे फुकेत ते लंगकावी हा रूट त्या दिवसांत एकदम लोकप्रिय आहे, साधारण सव्वाशे सागरी मैल, मध्ये फी फी, लांता, रोक, लिपे अशी एकाहून एक बेटं.

आता काका जहाजावरचे कॅप्टन म्हटल्यावर मला वाटायचं यांना काय, यांना सगळं पाठ. पण त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं की मोठ्या जहाजाचा हिशोब वेगळा आणि यॉटचा वेगळा. जहाज बंदरात लागायच्या आधीच कंपनीचा एजंट सगळी कागदपत्रं पाठवून बसलेला असतो, क्रूकडे सीडीसी, म्हणजे खलाशांचं अधिकृत ओळखपुस्तक, असते, किनाऱ्यावर जायला शोअर पास मिळतो, कॅप्टनला ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. प्रायव्हेट यॉटवर सीडीसीचा काही उपयोग नाही, तिथे तुम्ही साधे टुरिस्ट, साधा पासपोर्ट, आणि त्या देशाचे व्हिसाचे जे नियम विमानाने येणाऱ्याला तेच तुम्हाला. वर बोटीचं ओझं वेगळं, कारण तुमच्याबरोबर बोट पण देशात शिरत असते आणि तिचीही एंट्री करावी लागते. विमानात हे सगळं एअरलाइन सांभाळते आणि आपल्याला कळतही नाही. यॉटवर स्किपर, म्हणजे बोटीचा कॅप्टन, हाच पायलट, हाच एअरलाइनचा काउंटर आणि वर काही चुकलं तर जाब त्यालाच विचारणार.

तर सगळ्यात महत्त्वाचा कागद कुठला विचाराल तर पासपोर्टच्या खालोखाल मागच्या बंदराचा पोर्ट क्लिअरन्स, म्हणजे बोट तिथून रीतसर निघाल्याचा कागद. हा नसेल तर पुढचं कुठलंच काउंटर हलत नाही. आमचा फुकेतच्या आओ चालोंगचा होता. तिथे त्या लांबलचक धक्क्याच्या तोंडाशीच एक बिल्डिंग आहे आणि तिच्यात इमिग्रेशन, कस्टम्स, हार्बर मास्टर तिघेही, त्यामुळे एका चकरेत सगळं होतं. पासपोर्टवर एक्झिटचे शिक्के पडले, हार्बर मास्टरकडून क्लिअरन्सचा कागद मिळाला, की तुम्ही कागदोपत्री थायलंडमधून गेलात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तारुताओ नावाचं थायलंडचं बेट लंगकावीच्या उत्तरेला जेमतेम ८ किलोमीटरवर आहे, एका देशातून दुसरा देश अगदी समोर दिसतो, आणि वाटेत सुंदर खाड्या दिसल्या की नांगर टाकून दोन दिवस पडावंसं वाटतंच. पण शिक्का पडलाय म्हटल्यावर तुम्ही त्या पाण्यात राहायला मोकळे नाही, आणि पुढच्या काउंटरवर बसलेला माणूस क्लिअरन्सची तारीख आणि पोचल्याची तारीख दोन्ही बघतो. काका या बाबतीत फार कडक, बेटं बघायची ती शिक्का मारायच्या आधी फिरून घ्या, नंतर सरळ पुढे.

व्हिसाचं सांगते. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवस व्हिसा लागत नाही, ती सवलत सध्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे, निघायच्या आधी एकदा तपासून घ्या कारण अशा सवलती वाढतात तशा बंदही होतात. पासपोर्टला सहा महिने तरी मुदत हवी. पण व्हिसा नाही म्हणजे फॉर्म नाही असं नाही. मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड, सगळे एमडॅक म्हणतात, ते ऑनलाइन भरायचं, फुकट आहे, आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. यॉटवाल्यांना इथेच अडायला होतं कारण फॉर्म विमानवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून बनवलेला आहे. प्रवासाचा प्रकार विचारतो तिथे हवाई, जमीन, समुद्र असे पर्याय आहेत, समुद्र निवडायचं, मग फ्लाइट नंबर किंवा जहाजाचा नंबर मागतो तिथे आम्ही बोटीचं नाव टाकलं, आणि राहण्याची जागा विचारतो तिथे हॉटेल न निवडता इतर निवडून मरीनाचा पत्ता दिला. काहीच अडचण आली नाही. फक्त एक करा, वाऱ्याच्या भरवशावर चाललेल्या बोटीची पोचायची तारीख एक दिवस इकडेतिकडे होऊ शकते, तेव्हा लिपे बेटाच्या आसपास जिथे मोबाइलला शेवटची चांगली रेंज मिळते तिथे बसून, हवामान बघून, मगच भरा. आम्ही पाचही जणांचे तिथेच भरले आणि मंजुरीच्या मेलचे स्क्रीनशॉट फोनमध्ये सेव्ह करून ठेवले, कारण समुद्रात नेट गेलं की मेल उघडत नाही.

अजून दोन गोष्टी ज्या कुठल्याच फॉर्मवर लिहिलेल्या नसतात. एक, घड्याळ. थायलंडपेक्षा मलेशिया एक तास पुढे आहे. तुमच्या बोटीवरच्या घड्याळात तीन वाजलेले असतात तेव्हा त्या ऑफिसात चार वाजलेत, आणि सरकारी ऑफिसच्या दुपारी हा एक तास फार मोठा असतो. दुसरं, लंगकावी केडा राज्यात येतं आणि केडात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, रविवार हा कामाचा दिवस. शुक्रवारी एखादं काउंटर चालू असलं तरी दुपारच्या नमाजाची सुट्टी लांब असते. आपल्या डोक्यात शनिवार-रविवार पक्का बसलेला असतो त्यामुळे गुरुवारी रात्री नांगर टाकून शुक्रवारी सकाळी आरामात जाऊ असा प्लॅन सहज होतो. तसा करू नका, रविवार ते गुरुवार यातला दिवस धरा आणि सकाळी जा.

आणि रात्री तर पोचूच नका. लिपे आणि लंगकावीच्या मधल्या पाण्यात मासेमारीची जाळी आणि बोये भरपूर, दिवसाउजेडी दिसतात, अंधारात बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकली की संपलं.

मलेशियाच्या पाण्यात शिरलो तसा काकांनी पिवळा झेंडा चढवला. याला क्यू फ्लॅग म्हणतात, अर्थ एवढाच की माझ्या बोटीवर सगळे निरोगी आहेत आणि मला बंदरात यायची परवानगी द्या. जुन्या काळी पटकी, प्लेगच्या साथींमुळे ही पद्धत पडली आणि आजही चालू आहे. क्लिअरन्स झाला की तो उतरवायचा आणि उजव्या बाजूला यजमान देशाचा झेंडा लावायचा. आम्ही मलेशियाचा झेंडा आधीच घेऊन ठेवला होता, फाटका किंवा विटका लावू नये, लोक त्याचं मनाला लावून घेतात आणि बरोबरच आहे.

तेलागा लंगकावीच्या पश्चिमेला आहे. समोर दोन छोटी बेटं आडोशाला, त्यांच्या आत नांगर टाकायला छान जागा, मागे मात चिंचांगचा डोंगर आणि त्यावर चढत जाणारी केबल कार. मरीनाच्या तोंडाशी पांढरं दीपगृह. आम्ही बाहेर नांगर टाकला आणि काका एकटे डिंगीने, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीने, गेले, कारण नियम सगळीकडे तोच, क्लिअरन्स होईपर्यंत फक्त स्किपर किनाऱ्यावर पाय ठेवणार, बाकीचे बोटीवर. काकांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये काय काय होतं ते लिहिते कारण मला कोणी असं लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांचे पासपोर्ट, चालोंगचा पोर्ट क्लिअरन्स, बोटीचं रजिस्ट्रेशन ओरिजिनल, इन्शुरन्स, एमडॅकचे प्रिंट, आणि क्रू लिस्ट, तिच्या भरपूर कॉप्या, कारण प्रत्येक काउंटर एक तरी ठेवून घेतं आणि कधी दोन. क्रू लिस्टवर वर बोटीचं नाव, झेंडा, रजिस्ट्रेशन नंबर, लांबी, टनेज, मागचं बंदर, पुढचं बंदर, आणि खाली प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट नंबर, मुदत आणि बोटीवरचं काम. खाली स्किपरची सही आणि बोटीचा शिक्का.

हो, शिक्का. काकांनी फुकेतला बोटीच्या नावाचा रबरी शिक्का बनवून घेतलाय, मध्ये नांगराचं चित्र, आणि मला आधी ती हौस वाटली होती. पण या भागात शिक्क्याला खरंच वजन आहे. सही केलेला कागद आणि सहीवर शिक्का मारलेला कागद यांच्याकडे बघण्यात फरक पडतो हे मी डोळ्यांनी पाहिलं, काउंटरवरच्या बाईंनी क्रू लिस्ट हातात घेतली, शिक्का बघितला आणि पुढचा प्रश्न न विचारता कीबोर्डकडे वळल्या. ज्यांना यॉट घ्यायची आहे त्यांनी शिडांच्या आधी शिक्का करून घ्या असं काका म्हणतात.

काका थोड्या वेळात परत आले ते सगळ्यांना न्यायलाच. मलेशियात परदेशी माणसाच्या दोन्ही तर्जनीचे ठसे घेतात त्यामुळे पाचही जण समक्ष हवे होते. मग डिंगीच्या दोन खेपा, काकूंना धक्क्यावर चढवताना जरा कसरत, आणि आम्ही काउंटरसमोर. लिपेहून येणारी प्रवासी फेरी सीझनमध्ये याच धक्क्याला लागते, तिच्या लोकांचे पासपोर्टही इथेच होतात, त्यामुळे जागा ओळखायला सोपी आहे.

आता ठशांचा किस्सा. दोर ओढून ओढून आणि खाऱ्या पाण्यात हात राहून बोटांची कातडी अशी होते की मशीन ठसा घेईना. माझ्या नवऱ्याचं बोट मशीनवर ठेवलं की लाल दिवा, पुसून ठेवलं तरी लाल दिवा. मला टेन्शन आलं, कारण एअरपोर्टवर असं झालं की मागची लाइन आणि समोरचा ऑफिसर दोघेही वैतागतात हे पाहिलेलं आहे. इथे त्या तरुण ऑफिसरने ड्रॉवरमधून ओला टिश्यू काढून दिला, स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवलं, म्हणजे असं थोडं कपाळाला लावा, तेलकट होईल, मग ठेवा. ठेवलं आणि लागला हिरवा दिवा. काकूंची पण तीच गत, वयामुळे त्यांच्या रेषा पुसट झाल्यात, तर तो उठून काचेच्या बाजूने बाहेर आला आणि त्यांचं बोट मशीनवर कसं सपाट ठेवायचं ते हात न लावता, स्वतःचं बोट शेजारी ठेवून दाखवलं. त्याला कोणी हे करायला सांगितलेलं नव्हतं. मी त्याला मनापासून थँक्यू म्हटलं आणि मी इथे हे लिहितेय ते बऱ्याच अंशी त्या मुलासाठी.

प्रश्न काय विचारले? बोट कोणाची, पैसे घेऊन कोणाला आणलंय का, किती दिवस राहणार, कोण कुठून परत जाणार. यातला पैशाचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो हलक्यात घेऊ नका. प्रायव्हेट यॉटवर घरचे किंवा मित्र असले की ते पाहुणे, क्रू लिस्टवर क्रू किंवा पॅसेंजर म्हणून नाव येतं आणि विषय संपतो. पण कोणाकडून ट्रिपचे पैसे घेतले की ती चार्टर झाली, धंदा झाला, आणि मग बोटीची परवानगी, विमा, क्रूचा वर्क परमिट सगळंच बदलतं. ओळखीतल्या कोणी सहज म्हणून डिझेलचे पैसे दिले आणि काउंटरवर आय पेड असं बोलून गेला तर स्किपरला समजावत बसावं लागेल. खर्च वाटून घेणं वेगळं आणि तिकीट लावणं वेगळं, निघायच्या आधी बोटीवर सगळ्यांना हे नीट सांगून ठेवा. काकांच्या दोस्ताला विमानाने परत जायचं होतं, त्याचं तिकीट त्याने दाखवलं, बाकीच्यांना तिकिटाचं विचारलं नाही, बोटीचे कागद समोर होतेच.

शिक्का पडला की तिथेच उभं राहून बघा. तारीख बरोबर आहे का, ३० दिवस लिहिलेत का, पान कुठलं. एकदा काउंटर सोडलं की दुरुस्तीला परत यायचं म्हणजे परत डिंगी, परत लाइन.

इमिग्रेशनच्या नंतर कस्टम्स. लंगकावी १९८७ पासून ड्युटी फ्री बेट आहे त्यामुळे दारूच्या बाटल्यांवरून कोणी हैराण करत नाही, पण विचारतात, आणि शस्त्र, ड्रोन, सिगारेट, औषधं यांचंही विचारतात. खरं तेच सांगा. मलेशियात अमली पदार्थांचे कायदे अतिशय कडक आहेत, फाशीपर्यंत जातात, त्यामुळे बोटीवर कोणी पाहुणा चढवताना त्याच्या बॅगेत काय आहे हे स्किपरला माहीत हवं, लाजायचं काही कारण नाही. काकूंच्या सांधेदुखीच्या गोळ्या होत्या, डॉक्टरची चिठ्ठी बरोबर होती, दाखवावी लागली नाही पण असलेली बरी. लसणाच्या चटणीची बरणी कोणी उघडून बघितली नाही.

मग बंदर खातं, बोर्डवर जबातन लाउत लिहिलेलं असतं, हे बोटीची नोंद करतात, किरकोळ फी, पावती मिळते. पावती जपून ठेवा, पुढच्या मलेशियन बंदरात दाखवायला लागते. इमिग्रेशनला एक पैसाही लागला नाही. कुठल्या काउंटरनंतर कुठलं हे पहिल्या खिडकीवरच विचारून घ्या, सांगतात, हाताने दाखवतात सुद्धा. सगळं मिळून एक सकाळ गेली, त्यात आमच्या डिंगीच्या खेपाच जास्त वेळखाऊ होत्या.

याच्याशी तुलना करायची तर दुसऱ्या एका देशातल्या एका बंदराचा काकांचा अनुभव आहे, नाव घेत नाही. तिथे यॉटला एजंट घेतल्याशिवाय गत नव्हती, आणि एजंटने आधी एक रक्कम सांगितली, मग बोट लागल्यावर ऑफिसरांच्या रिक्षाचं भाडं, झेरॉक्स, ओव्हरटाइम, कसला तरी सुट्टा खर्च असं करत करत बिल दुपटीवर नेलं, पासपोर्ट त्याच्याकडे, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. पासपोर्ट संध्याकाळी देतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिले. सरकारी फी किती आणि याची किती हे आजतागायत कळलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की परक्या देशात आपला पासपोर्ट आपल्या डोळ्यासमोर काचेच्या पलीकडे असणं आणि तो कुठल्यातरी माणसाच्या खांद्यावरच्या बॅगेत असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेलागाला तो पूर्ण वेळ डोळ्यासमोर होता. मला बाई म्हणून, काकूंना वयस्कर म्हणून, या गोष्टीने किती हायसं वाटलं हे शब्दांत सांगणं कठीण आहे.

लंगकावीतच दुसरा पर्याय कुआहचा, म्हणजे मुख्य गाव. तिथे फेरी जेट्टीच्या टर्मिनलमध्ये ऑफिसं आहेत, शेजारीच रॉयल लंगकावी यॉट क्लब आणि तो मोठा गरुडाचा पुतळा. बाजार, दुकानं, स्पेअर पार्ट्स हवे असतील तर कुआह बरं, कारण सगळं चालत्या अंतरावर. पण फेऱ्यांची वर्दळ मोठी, त्यांच्या लाटांनी बोट हलत राहते. उत्तरेकडून लिपेच्या बाजूने येणाऱ्यांना तेलागा वाटेतच पडतं आणि शांत आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तेलागाच सांगेन.

सिंगापूरची पद्धत अगदीच वेगळी आहे, काका तिथेही बोट घेऊन गेलेत. तिथे तुम्ही ऑफिसात जात नाही, ठरवून दिलेल्या नांगराच्या जागी थांबायचं, रेडिओवर इमिग्रेशनला हाक मारायची, आणि अधिकारी त्यांच्या बोटीतून येऊन काठीला लावलेल्या जाळीत तुमचे पासपोर्ट घेतात. काम झटपट, पण आजूबाजूला अजस्र जहाजं आणि मध्ये आपली इवलीशी बोट, आणि भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. ज्यांना यॉटचा सराव आहे त्यांच्यासाठी ते ठीक.

हे सगळं बघताना माझ्या मनात सतत मुंबई आणि गोवा येत होते. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांची म्हादेई ही बोट गोव्यात दिवाडीला बांधलेली. म्हणजे बोटी बांधणारे आपल्याकडे आहेत, चालवणारे आहेत, कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्ग, मालवण, जयगड असे नांगर टाकायला जीव लावणारे आडोसे आहेत. मुंबई, गोवा, कोची, मंगळूर, चेन्नई ही बंदरं ई-व्हिसाच्या यादीतही आहेत, म्हणजे परदेशी माणूस समुद्रातून येऊ शकतो हे मान्य केलेलं आहे. मग एखाद्या छोट्या जागी, गोव्यात मांडवीच्या काठी म्हणा किंवा मुंबईत, एकाच छपराखाली इमिग्रेशन, कस्टम्स, बंदर खातं अशी यॉटवाल्यांसाठी तीन काउंटर का नसावीत? २६/११ समुद्रातूनच आलं, सुरक्षेची काळजी असणारच आणि असायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण जो माणूस झेंडा लावून, क्रू लिस्ट घेऊन, स्वतः काउंटरवर चालत येतो त्याची नोंद सोपी केली तर सुरक्षेलाही मदतच होते, कोण कुठे आहे हे कळतं. आणि एक यॉट थांबली की डिझेल, भाजी, दुरुस्ती, शिडं शिवणारा, लॉन्ड्री, रिक्षा, सगळ्यांना काम. लंगकावीत तेलागाच्या मागच्या दुकानांमध्ये हे समोर दिसतं. कोकणातल्या पोरांना हे मिळावं असं मला मनापासून वाटतं.

असो, परत मुद्द्यावर. काकांचा दोस्त लंगकावीहून विमानाने क्वालालंपूर आणि तिथून मुंबई असा गेला. जो बोटीने आला आणि विमानाने चाललाय त्याचं नाव क्रू लिस्टवरून रीतसर कमी करून घ्यावं लागतं. काकांनी स्किपर म्हणून पत्र दिलं, हा अमुक तारखेला बोट सोडतोय, तिकिटाची कॉपी जोडली, शिक्का मारला, आणि इमिग्रेशनला दाखवून ठेवलं. नाहीतर निघताना पाच आले आणि चारच चाललेत, पाचवा कुठे, हा प्रश्न स्किपरला येतो आणि तोवर तो पाचवा घरी पोचलेला असतो. लंगकावी ते क्वालालंपूर हे विमान देशांतर्गत, त्यामुळे त्याचा एक्झिटचा शिक्का क्वालालंपूरला पडला, तिथे बोटीने आल्याचा एंट्रीचा शिक्का नीट असल्यामुळे एका मिनिटात झालं.

परत फुकेतला जाताना तेलागाला हेच सगळं उलट, इमिग्रेशन शेवटी, आणि शिक्का पडला की निघायचं. थायलंडसाठी मात्र १ मे २०२५ पासून त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड वेगळं भरावं लागतं, तेही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि तिथे घड्याळ एक तास मागे येतं म्हणजे या वेळी फायदा तुमचा. लिपेची फेरी यायच्या वेळेला काउंटरवर गर्दी होते, तेव्हा धक्क्यावर फेरीची वेळ विचारून तिच्या आधी किंवा बऱ्यापैकी नंतर जा. क्रू लिस्टच्या कॉप्या घरूनच छापून न्या. कोणाला क्रू लिस्टचा कोरा नमुना हवा असेल तर विचारा, काकांनी बनवलेला आहे, देईन.